करण्यासारखं काय आहे

रायमो, तुम्ही विचारलंत,
बेटावर करण्यासारखं काय आहे.
खरं सांगू? काही नाही.
रस्ते तीन : पुढचा, मधला, मागचा.
तिन्ही वाळूचे. चपला पहिल्या दिवशी हरवतात,
चौथ्या दिवशी कुणी शोधत नाही.
पुस्तक आणा. इथे आहेत ती सगळी
पाहुण्यांनी अर्धी वाचून सोडलेली.

चार नंबरची खोली धरून ठेवली आहे.
पंखा चालतो. कुरकुरतो, पण चालतो.
दोन खाटा मागितल्यात,
इर्या झोपेत लाथा मारते म्हणून.
लावते. मधलं अंतर तुमचं तुम्ही बघा.

बेलीझ सिटीहून बोट दीड तासाने सुटते,
म्हणजे फळ्यावर तसं लिहिलंय.
शेवंडं हवी तर फेब्रुवारी संपायच्या आत या,
पुढे चार महिने ती आमच्यापासून सुटतात.
सकाळी मैद्याचे फ्राय जॅक देते,
टम्म फुगलेले, आत हवाच जास्त.
सुट्टीतही तेवढंच असतं म्हणा.

चाळीस डॉलरची अनामत पोचली.
बिस्किटाच्या डब्यात ठेवली आहे.

पहिल्या हिवाळ्यात तुमच्या लेकीला दिवस भरले.
दुसऱ्या हिवाळ्यात बर्फाने छप्पर वाकवलं.
तिसऱ्या हिवाळ्यात इर्याचा गुडघा,
आणि तरी तुम्ही विचारत राहिलात :
रात्री वारा कुठल्या बाजूने येतो,
चार नंबरच्या खिडकीतून समुद्र दिसतो
की फक्त ऐकू येतो.
ऐकू येतो. मध्ये हेरोनिमोचं कपडे वाळवायचं दोर आहे,
पण तो मंगळवारीच धुतो.

मग आमच्याकडे वादळ आलं.
धक्का गेला, तीन नारळ गेले,
चार नंबरचं दार उडालं, ते दोन दिवसांनी
हेरोनिमोच्या अंगणात सापडलं
कडीकोयंड्यासकट, आकडा आभाळाकडे करून.
त्या रात्री मी काय वाचवलं माहितेय?
देव्हाऱ्यातली कुमारी, आईचं शिवणयंत्र,
आणि तो डबा.
परक्याचा पैसा पाण्यात जाऊ नये.

लिहिलं तुम्हाला, खोली नाही आता,
चाळीस डॉलर परत पाठवते.
उत्तर इर्याचं आलं, पहिल्यांदाच तिच्या हातचं,
अक्षरं गुडघ्यासारखी वाकडी :
"पाठवू नका. त्यांचे मोजे घ्या आणि इकडे या.
लेकीची खोली रिकामी आहे.
पंखा नाही. शेगडी आहे, कुरकुरते."

मी हसले. आणि मग बराच वेळ हसले नाही.
मी या बेटावरून गेले आहे ती
दात काढायला, आणि एकदा भावाला पुरायला.
सुट्टी ही मी लोकांची धुते, वाळवते,
घड्या घालून कपाटात ठेवते.

तरी रात्री कागद घेतला.
थंडर बेला विमानतळ आहे का?
सकाळी अंधार किती वाजेपर्यंत असतो?
आणि खालच्या ओळीत, जरा लाजून :
तिथे करण्यासारखं काय आहे?

रायमो, तुम्ही माझाच मासा मला वाढलात :
"काही नाही. तळं गोठतं.
त्याला भोक पाडतो, भोकाकडे बघत बसतो.
पुस्तक आणा. आमची सगळी फिन्निश आहेत."

पाणी एवढं घट्ट होतं की वरून गाडी जाते,
हे हेरोनिमोला सांगितलं.
तो म्हणाला, तिकडे दारू स्वस्त असणार.

मोजे या बेटावर मिळत नाहीत.
दुकानात विचारलं तर फ्लोरेन्सियाने
मला चहापत्तीची गाळणी दाखवली.
पायाचा नंबर विचारलात, तोही मला ठाऊक नाही,
आजवर विचारलाच कोणी नव्हता.
म्हणून कागद जमिनीवर ठेवला,
पाय त्यावर ठेवला, पेन्सिल भोवती फिरवली,
अंगठ्यापाशी गुदगुल्या झाल्या, रेघ हलली.

टाचेखाली थोडी वाळू चिकटली आहे.
झटकली, सगळी गेली नाही.
तशीच घडी घालते.